‘पाऊस आला’ एवढंच लिहून काय मिळालं?

नमस्कार दादा,

माझ्या रोजनिशीबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की 1996 पासून मी वह्या भरतेय, पण त्यात ‘पाऊस आला, भांगलण झाली, गुडघा दुखतोय’ याखेरीज काही नाही. एवढं मोबाइलवर लिहिलं असतं तर हवं ते क्षणात सापडलं असतं. वर मराठीचा कळवळा आणि मधेच कन्नड शब्द, हेही तुम्हाला खटकलं.

शोधण्याचं म्हणता ते खरं आहे. एक नोंद काढायला कधी कधी माझी अख्खी दुपार जाते. पण त्या ‘पाऊस आला’बद्दल सांगते.

आमचं शेत बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात, बळ्ळारी नाल्याला लागून. रोहिणीत धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतच पेरणी, करायची आणि जुलै-ऑगस्टात नाला फुगला की भात पाण्याखाली गेलेलं बघायचं. ऑगस्ट 2019 मध्ये मोठा पूर आला तेव्हाही घरात सगळे म्हणाले, हे काय नवीन आहे, पूर्वीपासून पाणी येतंयच की. मी वह्या काढून बसले. 1997 ला पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं होतं. 2005 ला पाचव्या दिवशी. 2019 ला अकराव्या दिवशी पीक दिसलं, तेही कुजलेलं. भात दोन-तीन दिवस बुडालं तर तग धरतं, आठवडा उलटला की हातचं जातं. म्हणजे पाणी येणं जुनंच होतं, ते न उतरणं नवीन होतं. नाल्यात गाळ आणि जलपर्णी किती साचलीय हे रोज डोळ्यांसमोर असून आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

1997 ला ‘आज पाणी उतरलं’ असं लिहिताना ते 22 वर्षांनी उपयोगी पडेल हे मला काय माहीत? आणि हा प्रश्नच कधी मनात आला नव्हता, तर मोबाइलवर तरी मी काय टाकून शोधलं असतं? पानं उलटताना ते आपोआप दिसलं. नुकसानीच्या अर्जाला त्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. कचेरीत कुणी बघितल्या नाहीत. शेजारच्या बांधावरचे चौघे मात्र संध्याकाळी घरी आले आणि रात्री उशिरापर्यंत वह्या चाळत बसले.

आता कन्नड शब्दांचं. माझ्या सासूबाई बैलहोंगलकडच्या, माहेर कन्नड. मी त्यांना जन्मभर ‘अत्ती’ म्हणाले, तिकडच्या कन्नडमध्ये सासूला तसंच म्हणतात. मग वहीत लिहिताना शुद्ध मराठीसाठी ‘सासूबाई’ कशाला करू? माझं मराठी त्यांच्याच चुलीपुढे बसून असं झालंय आणि मला ते तसंच प्रिय आहे.

त्या गेल्या त्या दिवशी एकच ओळ आहे. ‘अत्ती गेल्या. पहाटे पाच.’ पेन इतकं दाबलं गेलंय की पानाच्या मागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात. ती ओळ शाईपेनाची आहे, पाणी लागलं तर पसरेल. तुमचं वाचून काल त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला.