माशाबरोबर पांढरीच? बांदोलच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हाँस प्रांतातल्या बांदोल इथल्या दोमेन तांपिए या वाइनघराबद्दल आणि तिथल्या जेवणाबद्दल मी लिहिलं, त्यावर नाशिककडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. थोडक्यात सांगायचं तर ती अशी: 'माशाला पांढरी, मटणाला लाल, एवढं सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही बुयाबेसबरोबर, म्हणजे माशाच्या रश्शाबरोबर, रोझे सांगता. रोझे म्हणजे लाल-पांढरी एकत्र केलेली, बायकांची वाइन. कशाबरोबर काय प्यावं हे सगळं माल खपवायचं तंत्र आहे. आणि आमच्या ताटाला यातलं काय लागू पडतं याबद्दल एक ओळ नाही. लाल थंड करायची की नाही, तेही नाही. फ्रान्सला जाऊन आलात, एवढं मात्र कळलं.'

टोमणा पावला. बाकीच्याला खाली छोट्या चौकटीत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे लिहिते.

आधी रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. तिथे प्रश्न आवडीनिवडीचा नाही, माहितीचा आहे. न फसफसणारी साधी रोझे लाल आणि पांढरी वाइन मिसळून करायला फ्रान्समध्ये बंदी आहे. शँपेनला तेवढी सूट. २००९ साली युरोपीय आयोगाने ही बंदी उठवायचा घाट घातला, तेव्हा प्रोव्हाँसचे वाइनवाले असे खवळले की जूनमध्ये आयोगाला प्रस्ताव गुंडाळावा लागला. बांदोलची रोझे होते ती काळ्या द्राक्षांपासून. रस आणि साल थोडाच वेळ एकत्र राहतात आणि रस दाबून काढतात. तेवढ्या वेळात सालीचा रंग जरासा उतरतो, आणि रंगाबरोबर तुरटपणाचा एक धागाही उतरतो. हा धागा पुढे कामाला येणार आहे. तिथल्या नियमाप्रमाणे रोझेमध्ये मूर्व्हेद्र ही काळ्या द्राक्षाची जात किमान २० टक्के लागते. तांपिएकडे ती साधारण निम्मी असते, बाकी ग्रेनाश आणि सँसो. प्रोव्हाँसच्या बहुतेक रोझे त्याच उन्हाळ्यात पिऊन संपवायच्या असतात. ही काही वर्षं सहज टिकते.

'बायकांची वाइन' यावर काय बोलू? मी बाई आहे आणि मला ती आवडते. तेव्हा तुमचं म्हणणं निदान माझ्यापुरतं खरं ठरलं.

आता बुयाबेस. तुम्ही तिला 'माशाचा रस्सा' म्हणून मोकळे झालात, पण तुमचा सगळा वाद त्या रश्शातच अडकलाय. हे मूळचं जवळच्या मार्से बंदरातल्या कोळ्यांचं खाणं, विकला न गेलेला खडकातला काटेरी मासा पोटाला लावायचा म्हणून शिजवलेलं. त्यातला मुख्य मासा रासकास. लालसर, डोक्यावर काटे, तोंड फुगलेलं; बंदराच्या धक्क्यावर बघितला तर हा घरी न्यावा असं कोणाच्या मनात यायचं नाही. पण त्याच्याशिवाय मार्सेचा माणूस त्याला बुयाबेस म्हणणार नाही. जोडीला वामेसारखा लांब काँग्र, ग्रोंदें, सें-पिएर. कांदा, टोमॅटो, लसूण, बडीशेपेचे देठ, संत्र्याची वाळलेली साल, केशर आणि हात सैल सोडून ओतलेलं ऑलिव्ह तेल. हे सगळं मोठ्या आचेवर खळखळ उकळायचं. मंद आचेवर ठेवलं तर तेल आणि पाणी एकजीव होत नाही, वर तवंग राहतो. (आपल्याला तर्री हवी असते, तिकडे तर्री दिसली की स्वयंपाकी नापास.) १९८० साली मार्सेच्या काही रेस्टॉरंटवाल्यांनी सनदच करून ठेवली: ठरलेल्या यादीतले किमान चार जातींचे मासे हवेत, आणि मासा गिऱ्हाइकासमोर कापून द्यायचा.

वाढताना आधी रस्सा येतो. भाजलेल्या पावाच्या चकतीवर लसणाची पाकळी घासायची. पाव खरखरीत असतो, पाकळी किसल्यासारखी झिजत जाते आणि बोटांना तो वास दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. त्यावर रुय लावायची: लसूण, केशर आणि सुकी लाल मिरची खलात वाटून तेलात घोटलेली, गंजाच्या रंगाची घट्ट चटणी. ती चकती रश्शात सोडायची, बुडते न बुडते तोच उचलायची.

यावर एखादी नाजूक पांढरी पिऊन बघा. पहिल्या घोटाला लिंबू लागेल, तिसऱ्या घोटाला पाणी. लसूण आणि केशर तिला गिळून टाकतात. बांदोलच्या रोझेमधला आंबटपणा तेल कापतो आणि तो सालीचा तुरटपणा रुयसमोर पाय रोवून उभा राहतो. पांढरीच हवी तर शेजारच्या कासीस गावची घ्या. तिच्यात अंग असतं, आणि मार्सेकर तीच पिढ्यान्‌पिढ्या बुयाबेसबरोबर पीत आले आहेत. पण मग चालली ती कासीसची भरीव पांढरी, 'पांढरी' नावाची गोष्ट नव्हे.

तुमच्या नियमाला आधार मुळीच नाही असं नाही. लाल वाइन आणि मासा एकत्र आले की तोंडात एक लोखंडी, शिळकट वास उठतो, तो मलाही येतो. त्याचा छडा जपानच्या मर्सियन या वाइन कंपनीतल्या संशोधकांनी लावला. २००९ साली ते काम प्रसिद्ध झालं. स्कॅलप शिंपल्यांबरोबर डझनावारी वाइन चाखल्यावर दिसलं की वाइनमध्ये लोह जितकं जास्त, तितका तो वास जास्त. लोह बांधून टाकणारा पदार्थ वाइनमध्ये घातला की वास गेला. माशातल्या तेलाशी लोहाची गाठ पडते, त्याचा हा प्रताप. लाल वाइनमध्ये लोह बऱ्याचदा जास्त असतं म्हणून नियम लालच्या माथी बसला. पण कमी लोहाची लाल असते आणि जास्त लोहाची पांढरीही असते. म्हणूनच प्रोव्हाँसमध्ये ऑक्टोपस लाल वाइनमध्ये तासन्‌तास शिजवतात आणि बरोबर लालच पितात, कोणी नाक मुरडत नाही. आपला बांगडा मात्र तेलकट. त्याच्यासोबत लाल खरंच नको, यात आपलं एकमत.

राहता राहिलं 'माल खपवायचं तंत्र'. हो, होतंच. पण ते कोणाचं आणि कसं, हे तुम्ही बागायतदार म्हणून ऐकायला हवं.

मूर्व्हेद्र ही जात बांदोलमधून जवळजवळ हद्दपार झाली होती. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा या किडीने मुळं खाल्ली, बागा उजाड झाल्या आणि अमेरिकी खुंटावर कलम करणं भाग पडलं. तुमच्याकडे पाण्याचा ताण आणि क्षार यासाठी डॉगरीजचा खुंट वापरतात, तिकडे खुंट आला तो या किडीमुळे. मूर्व्हेद्रचं नव्या खुंटांशी नीट जमेना. खुंट आणि डोळा यांचं जमलं नाही की काय होतं, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. शिवाय ही जात उशिरा पिकणारी आणि माल कमी देणारी. पाय पाण्यात आणि डोकं उन्हात, असं तिच्याबद्दल म्हणतात. त्यामुळे शेतकऱ्यांनी भरघोस घड लागणाऱ्या जाती लावल्या आणि स्वस्तातली वाइन पिंपांनी विकायला सुरुवात केली.

१९३६ मध्ये ल्युसिएँ पेरो यांचं मार्सेच्या ल्युसी तांपिएशी लग्न झालं. तिला सगळे लुलू म्हणत. सासऱ्यांनी जावयाला घरातली एक जुनी बाटली पाजली, फिलोक्सेराच्या आधीच्या मूर्व्हेद्रची, अशी हकिकत तिथे सांगतात. त्या घोटाने या माणसाच्या डोक्यात जे शिरलं ते आयुष्यभर निघालं नाही. १९४० च्या सुमारास दोघं ल प्लां द्यु कास्तले इथल्या मळ्यावर राहायला आली. १९४१ साली बांदोलला स्वतंत्र नामांकनाचा दर्जा मिळाला, म्हणजे ठरलेल्या नियमांनी केलेल्या तिथल्या वाइनलाच ते नाव लावता येतं; त्यासाठी झटणाऱ्यांत ल्युसिएँ पुढे होते. नियमही त्यांनी स्वतःच्याच गळ्याला आवळून घेतले. लाल वाइनमध्ये मूर्व्हेद्रचं किमान प्रमाण वाढवत वाढवत निम्म्यावर नेलं, वाइन लाकडात किमान १८ महिने ठेवायची सक्ती आली, उत्पादनाची मर्यादा हेक्टरी ४० हेक्टोलिटर. म्हणजे एकरी १६०० लिटर; द्राक्षात मोजलं तर एकरी सव्वादोन टनांच्या आत-बाहेर. तुमच्याकडे खाण्याच्या द्राक्षाची बाग एवढ्यावर आली तर लोक विचारपूस करायला येतील.

एवढं करून वाइन घेणार कोण? बांदोलचं नाव पॅरिसमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं. १९४३ साली त्यांची पहिली रोझे बाटलीत भरली गेली, लाल १९५१ मध्ये. विकायचं काम मुख्यतः लुलूंनी अंगावर घेतलं. सात मुलांचं घर सांभाळून त्या रेस्टॉरंटांची दारं झिजवत, आणि जो व्यापारी किंवा स्वयंपाकी मळ्यावर येईल त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. आधी तापनाद, म्हणजे ऑलिव्ह, केपर आणि खारवलेल्या अँचोव्हीचं वाटण, त्याबरोबर रोझे. मग अंगणात चुलाणावर तांब्याच्या मोठ्या कढईत बुयाबेस. किंवा आयोली: खलात कुटलेल्या लसणात थेंबथेंब तेल घोटून केलेली, सोबत खारा कॉड आणि उकडलेल्या भाज्या. कॅलिफोर्नियाचे वाइन आयातदार कर्मिट लिंच आणि बर्कलीला 'शे पानीस' हे रेस्टॉरंट चालवणाऱ्या ॲलिस वॉटर्स यांनी अमेरिकेत तांपिएचं नाव नेलं, ते याच पंगतीत बसून. लुलू २०२० साली १०२ वर्षांच्या होऊन गेल्या.

हे विक्रीतंत्र होतं हे मी कशाला नाकारू? पण या तंत्रात लबाडीला जागा नव्हती. घास आणि घोट एकाच वेळी समोरच्याच्या तोंडात आहेत, जोडी फसली तर तो पैसे देणार नाही. बाटलीच्या मागे 'चीज, चिकन आणि मित्रांबरोबर उत्तम' असं छापणाऱ्यांना तंत्रवाले म्हणा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

लालबद्दल थोडक्यात, कारण लेखात ते आलंय. ला मिगुआ, ला तूर्तीन आणि काबासाउ हे तांपिएचे मळे, प्रत्येकाच्या नावाची लाल वेगळी. उंचावरच्या ला मिगुआमध्ये सँसो आणि ग्रेनाशचा वाटा मोठा, रानातल्या झुडपांचा वास. तिच्याबरोबर रोझमेरी लावून भाजलेली कोकराची तंगडी. ला तूर्तीन भरभक्कम, तिला दोब, म्हणजे रात्रभर लाल वाइनमध्ये मुरवून मंद शिजवलेलं बैलाचं मांस. काबासाउ जवळजवळ निव्वळ मूर्व्हेद्र. कोवळी असताना तिच्या वाटेला जाऊ नये. दहा वर्षांनी चामडं, काळं ऑलिव्ह, शिकारीचं मांस असलं काय काय तिच्यात सापडायला लागतं, आणि मग रानडुक्करच हवं. मांसाच्या चरबीने आणि प्रथिनाने तुरटपणाची धार बोथट होते, म्हणून हे जमतं. 'लालला लाल' या रंगसंगतीने नव्हे.

आपल्या ताटाबद्दल मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. परदेशी बाटलीला ओढूनताणून तांबड्या रश्शाशेजारी बसवण्याचा उद्योग मला आवडत नाही. मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो, तुरटपणाने आणखी टोचतो; १४ टक्क्यांच्या आसपासची बांदोल लाल आणि कोल्हापुरी रस्सा एकत्र आले तर दोघंही वाया जातील आणि तुम्ही पाण्याचा तांब्या शोधाल. विचारलंतच म्हणून सांगते. सुरमईची तुकडी रव्यात घोळवून तव्यावर परतलेली, तिखट बेताचं, लसूण भरपूर: तिथे रोझे छान बसते. तिसऱ्यांचं सुकं, खोबरं असलेलं, तेही. काळ्या मिरीवर केलेलं सुकं मटण असेल तर लालचा विचार करा. पानात सोलकढी असेल तर वाइनचा नाद सोडा, सोलकढीच प्या. आणि ही बाटली आपल्याकडे सहजी मिळत नाही, मिळाली तर कर चढून किंमत डोळे पांढरे करते, तेव्हा यातलं काहीही जमवण्यासाठी जिवाचा आटापिटा करू नये.

लाल थंड करायची का? हो, करायची. पुस्तकात लाल 'खोलीच्या तापमानाला' प्या म्हणतात ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. नाशिकच्या मार्चमध्ये बाटली उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. कोवळी असेल तर तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा, जग कुठलाही चालतो. रोझे १० ते १२ अंशांवर, म्हणजे फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी. बर्फासारखी गार केलीत तर मूर्व्हेद्रचा पत्ता लागणार नाही, आणि तुमची पुढची प्रतिक्रिया 'रोझेला चवच नसते' अशी येईल.