टॅबमधल्या गेमबद्दल दुकानमालकाचं उत्तर

ताई, नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. कापसाच्या पैशातून सहावीतल्या मुलाला अभ्यासासाठी टॅब घेतला आणि आमच्याच पोऱ्याने त्यात गाड्या चोरायचा, माणसं मारायचा गेम टाकून दिला, ही तुमची तक्रार. शिवाय बुद्धिबळाच्या ॲपवर ३+ लिहिलेलं असूनही पाच वर्षांच्या मुलीला ते कळत नाही, म्हणून हे वयाचे आकडे म्हणजे धूळफेक, असं तुम्ही लिहिलं.

गेमची चूक पूर्णपणे आमची. पोऱ्याला विचारलं. तुम्ही काउंटरवर पैसे मोजत होत्या, लेकरू "दादा, एक गेम टाकून द्या ना" म्हणालं आणि याने स्वतःच्या फोनमधून शेअर करून दिला. प्ले स्टोअरवरून घेतला असता तर तिथे १८+ दिसलं असतं. अशा परस्पर आलेल्या फाइलवर कुठलाच आकडा नसतो. मला फार वाईट वाटलं, ताई. आता दुकानात फोनवरून फोनवर गेम देणं बंद केलं आहे.

बुद्धिबळाचं मात्र पटत नाही. गेम बनवणारे एक प्रश्नावली भरतात: मारामारी आहे का, रक्त, शिव्या, जुगार आहे का? त्यावरून ३, ७, १२, १६ किंवा १८ ठरतं. प्ले स्टोअरवर २०१५ पासून हीच पद्धत आहे. लेकराला ते जमेल का, हे त्यात कोणी विचारतच नाही. बुद्धिबळात वाईट काही नाही, म्हणून ३+. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून हे ॲप मागणारे आईबाप खूप येतात, त्यांनाही मी हेच सांगतो. मुलीला आधी खरा पट आणून द्या. घोडा हातात धरून अडीच घरं मोजू द्या.

बाजाराच्या दिवशी टॅब घेऊन या. तो गेम काढून देतो, बाहेरून ॲप टाकायची परवानगी बंद करतो आणि प्ले स्टोअरच्या पॅरेंटल कंट्रोलमध्ये ७+ लावून देतो. ते लॉक नव्या डाउनलोडपुरतंच असतं, आधीचे गेम तसेच राहतात, म्हणून एकेक उघडून सोबत बघू. पिन तुम्ही स्वतः टाका, आम्हालाही सांगू नका. मुलाचं जन्मसाल तेवढं टाकू नका, तो आधी तेच टाकून पाहील.