रविवारच्या कणसांबद्दल

आज सकाळी आमच्या इथल्या, इंग्लंडातल्या, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. सुपरमार्केटात मिळतो तो ॲल्युमिनियमच्या ताटलीतला बार्बेक्यू, वापरून फेकून द्यायचा. खाली मेसेज : "रविवारी डव्हस्टोनला सहल! कणसं, पनीर, मसाला चहा. बार्बेक्यू माझ्याकडून." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. मी लिहिलं, डव्हस्टोनचा जलाशय मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ मूरच्या, म्हणजे उघड्या डोंगरपठाराच्या, पायथ्याशी आहे, तिथे मूरवर काही पेटवायला बंदी आहे. तर उत्तर आलं, "वहिनी, किती टेन्शन घेता! आपल्याकडे दरवर्षी वणवे लागतात, पावसात परत सगळं हिरवंगार."

फोन पालथा ठेवला. भांडी घासली. राग काही उतरला नाही, म्हणून इथे लिहितेय.

आपल्याकडे काय होतं ते मला नका सांगू. माझं बालपण संगमेश्वर तालुक्यात गेलंय. राब भाजताना वारा फिरला की आग डोंगराला कशी लागते ते पाहिलंय, हिरव्या डहाळ्यांनी ती झोडपायला धावलेय. आणि "सगळं हिरवंगार" म्हणणाऱ्याने जळलेली आंब्याची कलमं कधी पाहिलेली दिसत नाहीत. पण तो वणवा निदान गवत खातो आणि पुढे जातो. इथली आग पुढे जाते आणि खालीही उतरते.

तुमच्यातले बरेच जण २०१८ नंतर आलात, म्हणून सांगते. २४ जूनचा रविवार. इंग्लंडने पनामाला ६-१ हरवलं, आमची गल्ली झेंडे लावून नाचत होती. त्याच दिवशी वर सॅडलवर्थ मूर पेटला. मंगळवारी संध्याकाळी पोलीस दारात उभे : निघा. आमच्या कॅरब्रुक गावातून दीडशेच्या आसपास माणसं बाहेर पडली, त्यात आम्हीही. नवरा ड्युटीवर. सासूबाई उन्हाळ्यापुरत्या आलेल्या. मी पासपोर्ट आणि लेकीचा इनहेलर घेतला. सासूबाईंनी देवघरातला बाळकृष्ण रुमालात गुंडाळून कमरेला खोचला आणि मलाच धीर दिला, "वणवा तो! सकाळपर्यंत खलास."

सकाळपर्यंत!

गुरुवारी शंभर सैनिक आले. हेलिकॉप्टरं जलाशयातलं पाणी बादलीने उचलून ओतत होती, खाली माणसं झोडपण्या घेऊन उभी. आमच्या डहाळीसारखंच ते, फक्त लांब दांड्याला रबराची पट्टी. त्याच गुरुवारी बोल्टनजवळ विंटर हिल पेटला, आणि तिथे महिन्याहून जास्त दिवस पाणी मारावं लागलं. महिना. एका डोंगराला.

कारण हा डोंगर मातीचा नाही हो. पायाखाली पीट आहे, म्हणजे पाण्यात पुरतं न कुजता एकावर एक दबलेलं शेवाळ. वर्षाला साधारण एक मिलिमीटर साठतं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंत किती झालं असेल? जेमतेम फूटभर! वाळलं की ते चक्क जळण आहे, आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये लोक त्याच्या विटा चुलीत घालत आले. आणि त्यावर आपण निखाऱ्याची ताटली ठेवणार. कणसासाठी.

हे मला पुस्तकाने नाही, सासूबाईंनी शिकवलं. घरी परतल्यावर काही दिवसांनी गल्लीच्या टोकाला अग्निशमनची दोन पोरं भिंतीला टेकून बसलेली दिसली. तोंडं काळी, डोळे लाल. सासूबाई कोकम सरबताचा जग घेऊन निघाल्या. एकाने ग्लास घटाघट रिकामा केला आणि पुढे केला, परत द्या. भिंतीपलीकडे काळी पडलेली जमीन होती, वर ज्वाळ नाही की धूर नाही. सासूबाईंनी वाकून हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अगो, भुई तापलीय! राखेत शेणी पुरून ठेवावी तशी धुमसतेय आतून." मी त्या पोराला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, बरोबर ओळखलंत. वरून पाणी मारलं तरी आत पोचत नाही, खणून, उलथून, भिजवून पुन्हा हात लावून बघावं लागतं. आणि दोन दिवसांनी वीस पावलांवर भलतीकडेच धूर निघतो.

इतकी वर्षं चुलीत निखारा जपलेली बाई. तिला एका स्पर्शात कळलं ते आमच्या ग्रुपवरच्या इंजिनीअरांना कळत नाही.

असो. चिडून उपयोग नाही.

धुराबद्दल मात्र बोलणारच. खिडक्या बंद, बाहेर तीस अंश, गाड्यांवर राखेचा थर. शेजारच्या म्हाताऱ्या बाई दमेकरी, त्यांचं जेवण मी मास्क लावून पोचवायचे. नंतर लीड्स विद्यापीठाच्या लोकांनी हिशेब मांडला, सुमारे ४५ लाख लोकांनी निदान एक दिवस तरी मर्यादेबाहेरची खराब हवा घेतली. सासूबाई रत्नागिरीला परतल्या तेव्हा खोकला सोबत घेऊन गेल्या. गणपतीत आरती म्हणताना त्यांना ठसका लागायचा.

आता कोणी म्हणेल, सगळ्या आगी काय बार्बेक्यूने लागतात? नाही लागत. कोणी सिगारेट टाकतं, कोणी मुद्दाम काडी लावतं, कोणी उडते कंदील सोडतं (दिवाळीला ती टूम आपल्यातही आहेच). आणि हो, ग्राउझ पक्ष्याच्या शिकारीसाठी बडे जमीनमालक मूरवरची हेदरची झुडपं जाळत आलेत. संरक्षित भागातल्या खोल पीटवर परवान्याशिवाय जाळायला बंदी आली ती थेट २०२१ मध्ये. मान्य. मोठ्यांनी जाळलं म्हणून आपण जाळायचं का?

खरं तर या डोंगराची वाट त्याच्याही आधी लागलीय. मँचेस्टर, ओल्डहॅम, स्टेलीब्रिजच्या गिरण्यांच्या धुराड्यांनी दीड-दोनशे वर्षं काजळी आणि आम्ल वर पाठवलं, त्यात स्फॅग्नम शेवाळ मेलं. ते शेवाळ म्हणजे स्पंज, स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरतं. ते गेलं आणि डोंगर सुकत गेला. माझे आजोबा लालबागला गिरणीच्या साचाखात्यात होते. मुंबईच्या गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं असायची, ते नाव आजोबांच्या तोंडून मी लहानपणीच ऐकलंय. ओल्डहॅम म्हणजे कुठलं तरी लांबचं श्रीमंत गाव वाटायचं. आता तिथल्याच डोंगराखाली राहते आणि त्या धुराचं देणं कोण फेडतंय ते बघते. गेली वीसेक वर्षं माणसं वर जाऊन चर बुजवतायत, बांध घालतायत, मुठीएवढे शेवाळाचे पुंजके हाताने लावतायत. मीही एकदा गेले होते. कमरेचा काटा ढिला झाला, दिवसाअखेर माझी लावणी आमच्या अंगणाएवढीही नव्हती.

हे लिहीत असतानाच बार्बेक्यूचा फोटो टाकणाऱ्या पोराचा फोन आला. आवाज पडलेला. "वहिनी, मला वाटलं खाली पत्रा असतो, जमिनीला काय होणार." नुकताच पुण्याहून आलाय, थंडीत पहिला हिवाळा काढलाय, त्याला ऊन दिसलं आणि कणसं आठवली. मी त्याला सासूबाईंचा हात भाजल्याचं सांगितलं. जरा वाढवूनच सांगितलं.

बार्बेक्यू तो दुकानात परत करतोय. सहल रद्द नाही. कणसं मी घरून कुकरला उकडून आणते, मीठ-तिखट-लिंबू लावून. भाजक्याची चव नाही येणार, माहितेय, कोणी बोलून दाखवू नका. कोकम सरबतही आणते. किती जण येताय ते शुक्रवारपर्यंत सांगा, कणसं मोजून घ्यायची आहेत.