रखमाबाईंना इतकं रडवलंत कशाला?

काल विरार फास्टमध्ये उभ्या उभ्या ती कादंबरी एकदाची संपवली. नाव घेत नाही, लेखकाशी माझं काही वैर नाही आणि टॅग करून भांडायची हौस त्याहून नाही. दादरच्या प्रदर्शनात कव्हरवर डॉ. रखमाबाई दिसल्या (लहानपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारून कोर्टात लढल्या आणि पुढे डॉक्टर झाल्या, त्याच) आणि मी बाकी काही न बघता उचलली. आमचं आजोळ गिरगावचं, त्यामुळे जुन्या मुंबईवरचं काहीही दिसलं की माझा हात आपोआप खिशात जातो.

पहिल्या पन्नास पानांतच लक्षात आलं की ही रखमाबाई नाहीच, ही आपली सिरियलमधली सून आहे. वाडा, चौक, तुळशीवृंदावन, सोवळं-ओवळं, आणि कोपऱ्यात केशवपनाच्या भीतीने थरथरणारी विधवा आई. अहो पण हे सुतारांचं घर! त्यांच्यात विधवेचं लग्न व्हायचं. रखमाबाईंच्या आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या आणि पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुनांशी रीतसर दुसरं लग्न केलं. हे सावत्र वडील म्हणजे डॉक्टर, वनस्पतींचे अभ्यासक, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 मध्ये सुरू झाली तेव्हाच्या मंडळींपैकी एक. घरात असा माणूस आणि कादंबरीत तो काय करतो, तर झोपाळ्यावर बसून सुस्कारे सोडतो. आपल्याकडे जुन्या काळातली कुठलीही बाई असो, तिला पुण्याच्या त्याच एका वाड्यात नेऊन बसवायचं असा काही नियम आहे का?

रखमाबाईंच्या लग्नाला पाहुणे व्हीटीला उतरतात हे तर मी सोडूनच दिलं. (मुलगी अकरा वर्षांची आहे, म्हणजे 1875-76, आणि व्हीटीचं बांधकामच 1878 चं, तेव्हा सगळे बोरीबंदरला उतरायचे. चालायचंच, प्रूफरीडर पण माणूस आहे.)

पण खटला? तो तरी नीट लिहायचा ना. 1884 मध्ये नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला की माझी बायको नांदायला येत नाही, तिला पाठवा. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे म्हणाले, अशी जबरदस्ती मी करणार नाही. मग अपील, मग मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. आणि ही बावीस वर्षांची मुलगी म्हणाली, तुरुंगात जाईन. यातली खरी मेख ऐका. बायकोला कोर्टाकरवी नांदायला लावायचा हा कायदा आपल्या धर्मशास्त्रातला नाहीच, तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून आलेला, आणि खुद्द इंग्लंडने 1884 मध्ये त्यातली तुरुंगाची शिक्षा काढून टाकली होती. म्हणजे साहेबाने आपल्या घरी टाकून दिलेली बेडी इथे हिच्या पायात, आणि आपले धर्माभिमानी लोक, टिळकांचा केसरी धरून, तीच बेडी धर्म म्हणून जपतायत! याच्यावर नुसतं सरळ लिहिलं असतं तरी माणूस अंधेरीला उतरायचं विसरून बोरिवलीला पोचला असता. आमच्या लेखकाने खटल्याला दिलीत अकरा पानं. मी मोजली. त्यातली चार तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावर.

आणि ‘टाइम्स’मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने बालविवाहावर तिने जी पत्रं लिहिली, त्यांचा उल्लेख एका वाक्यात. ती विचार करत होती, युक्तिवाद करत होती, हेच लेखकाला झेपलेलं नाही, तिचा नकार म्हणजे त्याला फक्त घाबरलेल्या मुलीचा हट्ट वाटतो.

1888 मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवलं, 1889 ला ती लंडनला डॉक्टरकी शिकायला गेली, म्हटलं आता तरी शवविच्छेदन येईल, परीक्षा येतील, थंडी येईल. आला कोण, तर निळ्या डोळ्यांचा एक गोरा डॉक्टर, धुक्यात हात धरणारा. पूर्ण काल्पनिक! सुरत आणि राजकोटची पस्तीस वर्षांची प्रॅक्टिस मात्र शेवटच्या प्रकरणात दोन परिच्छेदांत उरकली.

सगळ्यात वैताग आला तो शेवटाचा. 1904 मध्ये दादाजी वारला तेव्हा रखमाबाई विधवेसारखी पांढरी साडी नेसायला लागल्या असं सांगतात. ज्या नवऱ्याकडे जायला तुरुंग पत्करला त्याच्यासाठी पांढरी साडी? मला स्वतःला हे अजून उलगडलेलं नाही. गावात बायकांच्या दवाखान्यात काम करायचं तर लोकांची तोंडं बंद करायला? की कायद्याने बायको होते ना, मग हे घ्या, असं? मी हेच वाचायला तीनशे पानं धीर धरला होता. लेखकाचं उत्तर काय, तर तिचं मनातून त्याच्यावर प्रेमच होतं!! मी गाडीत मोठ्याने ‘ईऽऽ’ केलं, शेजारच्या काकू दचकल्या.

कुणाला हवी असेल तर घेऊन जा, फुकट. पान 212 चा कोपरा दुमडलाय आणि त्या डॉक्टरच्या एन्ट्रीला मी पेन्सिलने काहीतरी लिहिलंय, ते खोडून वाचा.