टाकी फुल झाली, बॅटरीचे काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

महोदय,

हायब्रीड (म्हणजे डिझेल इंजिन आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणाऱ्या) बसच्या प्रदूषणचाचणीवरील माझ्या लेखावर आपण रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप असा की, ‘चाचणीत बॅटरी किती चढली-उतरली याची नोंद नसलेला इंधनाचा किंवा प्रदूषणाचा आकडा ग्राह्य धरू नये’ हे माझे म्हणणे निव्वळ काथ्याकूट आहे. आपल्या मते, टाकी फुल करून बस पळवावी, पुन्हा फुल करावी, की मायलेज कळते, आणि धुरासाठी पीयूसी आहेच.

यातला मायलेजचा भाग मला बराचसा मान्य आहे. तीच बस त्याच मार्गावर महिनाभर धावली, तर पहिल्या आणि शेवटच्या दिवशी बॅटरीत किती वीज होती, याने एकूण डिझेलच्या हिशोबात नगण्य फरक पडतो. मात्र धुरातल्या ऑक्साइड ऑफ नायट्रोजन या घातक वायूची टाकी नसते. तो वायू मोजायचा, तर बस प्रयोगशाळेत, चाके जागेवरच फिरतील अशा रोलरवर चढवून, ठरावीक वेगक्रमाने चालवून, धूर सतत तपासावा लागतो, आणि अशी फेरी महिनाभर नव्हे, अर्धा तास चालते. शहरी बससाठी वापरला जाणारा ब्राउनश्वाइग वेगक्रम 1740 सेकंदांचा आणि सुमारे 11 किलोमीटरचा आहे. एवढ्या छोट्या फेरीत बॅटरीचा वाटा लपत नाही.

हिशोबाच्या सोयीसाठी घेतलेले आकडे पाहा. समजा, एका फेरीत साडेतीन लिटर डिझेल लागले. एका लिटरमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा धरली, तर ती 35 युनिट झाली. याच फेरीत बॅटरी 2 युनिटने उतरली असेल, तर ती वीज इंजिनाकडून परत भरून घ्यायला अर्ध्या लिटरहून थोडे अधिकच डिझेल जाळावे लागेल, कारण डिझेलमधली जेमतेम तिसरा हिस्सा ऊर्जा विजेच्या रूपाने हाती लागते. म्हणजे खरा खर्च चार लिटरच्या घरात, आणि कागदावर साडेतीन. अमेरिकेतील एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने जड हायब्रीड वाहनांसाठी 2002 मध्ये ‘J2711’ नावाची जी कार्यपद्धती काढली, ती यासाठीच. बॅटरीतला निव्वळ फरक फेरीच्या एकूण ऊर्जेच्या 1 टक्क्याच्या आत असेल तर आकडा तसाच घ्यायचा. 5 टक्क्यांपर्यंत असेल तर बॅटरी चढलेल्या आणि उतरलेल्या अशा अनेक फेऱ्यांवरून शून्य फरकाचा आकडा काढायचा. त्याहून अधिक असेल तर फेरी रद्द. वरच्या उदाहरणातली फेरी रद्दच झाली असती.

मी स्वतः यात तोंडघशी पडलो आहे. बॅटरीच्या जाड केबलभोवती विद्युतप्रवाह मोजणारा चिमटा लावतात आणि त्याच्यावर दिशेचा बाण असतो. एका चाचणीत मी तो उलटा लावला. उतरणारी बॅटरी चढताना दिसू लागली आणि बॅटरीपोटी आकड्यात दुरुस्ती करायला गेलो ती चूक दुप्पट करून बसलो. हे ध्यानात आले ते संध्याकाळी, केबल सोडवताना.

आता पीयूसीविषयी. डिझेल वाहनाच्या पीयूसीत गाडी उभी असताना चालकाला ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबायला सांगतात आणि धूर किती काळा आहे, एवढेच पाहतात. ऑक्साइड ऑफ नायट्रोजन त्यात मोजलेच जात नाहीत. शिवाय सीरीज हायब्रीड बसमध्ये (जिथे इंजिन फक्त वीज बनवते आणि चाके विजेच्या मोटरवर फिरतात) पायाखालच्या पेडलचा इंजिनाच्या फेऱ्यांशी थेट संबंध नसतो. पेडल दाबले म्हणून इंजिन चढेलच असे नाही, आणि बस उभी असेल तर ते मुळात बंदही असू शकते. पंपावरच्या त्या केबिनमध्ये अशी बस नेऊन नेमके काय मोजायचे, हे मला तरी उमगलेले नाही.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहने तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेचे नाव घेऊन ‘मान्यता मिळाली की संपले’ असेही आपण लिहिले आहे. जड वाहनांच्या बीएस-6 (भारतातील प्रदूषण नियमांच्या) मर्यादा मुख्यतः इंजिनाला लागू होतात आणि इंजिनाने केलेल्या कामाच्या दर युनिटमागे ठरतात. बदलत्या भाराच्या चाचणीत ऑक्साइड ऑफ नायट्रोजनसाठी ती मर्यादा 0.46 ग्रॅम आहे. ब्रेक दाबताना वाचवलेली वीज या हिशोबात येत नाही, त्यामुळे हायब्रीडचा फायदा तिथे दिसत नाही. आणि तोटाही दिसत नाही.

तोटा असा. पुण्यात स्वारगेट ते कात्रज या मार्गावर दर थांब्याला आणि सिग्नलला इंजिन बंद पडत राहिले, की सायलेन्सरमधला, धुरातले घातक वायू नष्ट करणारा उत्प्रेरक थंड होतो. युरियाच्या फवाऱ्याने ऑक्साइड ऑफ नायट्रोजन नीट नष्ट व्हायला साधारण 200 अंशांच्या वर उष्णता लागते. डिझेल वाचते, त्याच्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइडही घटतो. पण हा वायू मात्र घटेलच असे नाही, प्रसंगी वाढूही शकतो.

इथे चूक माझीही आहे. ‘जेवढे इंधन वाचेल, तेवढे प्रदूषण घटेल’ असे एक वाक्य मूळ लेखात मीच लिहून ठेवले होते आणि आपला पीयूसीचा युक्तिवाद त्याच्यावरच उभा होता. ते वाक्य आज काढून टाकले आहे.