आजीच्या माळ्यावरच्या सामानाबद्दल

नमस्कार दादा,

गेल्या रविवारी तुम्ही घरच्यांना घेऊन साताऱ्यातलं आमचं महिला संग्रहालय बघून गेलात आणि दोन तारे देऊन लिहिलंत : ‘इतिहास कुठेच दिसला नाही. पितळी भांडी, जाती, गोधड्या, जुने कागद. हे सगळं आमच्या आजीच्या माळ्यावर आहे. महाराणी ताराबाईंवर एकच फलक. आत अंधार. चाळीस रुपये वाया.’ वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार. असं वाटणारे तुम्ही एकटे नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंधाराचं आधी सांगून मोकळी होते. मंद उजेड फक्त कापडांच्या खोलीत आहे आणि तो मुद्दाम ठेवलाय. जुन्या कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, असं जतन करणारे सांगतात. इरकली लुगड्याचा रंग एकदा उडाला की उडाला. दोन मिनिटं थांबलं की डोळे सरावतात.

आता भांडी. दाराजवळच्या फडताळात झाकणाचा एक पितळी डबा आहे. काठाखाली टिंबाटिंबांनी एका बाईचं नाव, गाव आणि सन कोरलाय. राख-चिंचेनं घासून घासून नावातलं मधलं अक्षर पार पुसट झालंय, डबा तिरपा धरला तरच लागतं. ही बाई जन्मभर शेतात राबली, पण सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं नाही. शाळेच्या हजेरीत असण्याचा प्रश्नच नव्हता. घरात सगळे तिला ‘थोरली आई’ म्हणायचे. डबा आणून देणाऱ्या नातवाला आजीचं खरं नाव माहीतच नव्हतं, त्यानं ते पहिल्यांदा या डब्यावर वाचलं. आपल्या राज्यात सरकारी कागदावर बाळाच्या नावापुढे आईचं नाव लावणं सक्तीचं झालं, तेही १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. त्याआधीच्या बायका शोधायच्या तर डबे, घागरी, पराती यांच्यावरच शोधाव्या लागतात. आम्ही तेच करतो.

जुने कागद म्हणालात, ती मनिऑर्डरच्या पोचपावत्यांची चळत. नवरा मुंबईला गिरणीत, बायको गावी. पैसे मिळाले की ती पावतीवर अंगठा उठवायची आणि पावती त्याच्याकडे परत जायची. त्यानं त्या सगळ्या ट्रंकेत जपून ठेवल्या. वरच्या पावत्यांवर निळा अंगठा आहे. खाली खाली बघत गेलात, तर एका पावतीपासून अंगठा जाऊन तिथे वाकडीतिकडी सही येते. मधल्या काळात ती गावातल्या कुणाकडून तरी अक्षरं शिकली. कुणी शिकवलं, हे आम्ही अजून शोधतोय. माझ्या मते अख्ख्या संग्रहालयात यापेक्षा मोलाची वस्तू नाही, आणि घाईत बघणाऱ्याकडून नेमकी तीच सुटते.

आपला जिल्हा फौजींचा. अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचा स्मृतिस्तंभ आहे आणि त्यापुढे हात जोडलेच पाहिजेत. पण त्या घरांतली शेती, गुरं, लहान पोरं पुढे कुणी सांभाळली, हे त्या दगडावर नाही. तेही कुठेतरी मांडायला हवं ना?

मघाच्या परातीवरून आठवलं. स्वयंपाकाच्या दालनात लक्ष्मीबाई पाटलांचा फलक आहे, तो तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, हे साताऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वसतिगृहातली सगळ्या जातींची पोरं उपाशी राहू नयेत म्हणून वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. तो फलक आम्ही पराती-पातेल्यांच्या मधोमध लावलाय, कारण ते काम चुलीपाशीच झालं.

शौर्य हवं असेल तर पत्री सरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या कोपऱ्यात हौसाताई पाटील आहेत. पोलिसांचं लक्ष वळवायला त्यांनी मार खाण्याचं सोंग वठवलं आणि तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यातली हत्यारं पळवली. त्यांच्या शेजारी नायगावच्या लेकीचं, सावित्रीबाईंचं पत्र आहे, १८६८ साली माहेरातून जोतिरावांना लिहिलेलं. वेगळ्या जातींच्या प्रेमी जोडप्याच्या जिवावर गाव उठलं होतं, त्यांना आपण कसं सोडवलं, ते त्यांनी त्यात कळवलंय. फलकावर आम्ही त्याचा मजकूर मोठ्या अक्षरात दिलाय.

राहिल्या ताराराणी. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेब मरेपर्यंत त्या बाईनं राज्य लढतं ठेवलं. १७६१ साली साताऱ्यातच त्यांचा शेवट झाला, समाधी संगम माहुलीला आहे. त्यांच्या वापरातली एकही अस्सल वस्तू आमच्याकडे नाही. बाजारातून नकली तलवार आणून काचेत लावणं आम्हाला पटत नाही. म्हणून एकच फलक आहे, आणि त्यावर माहुलीला कसं जायचं ते लिहिलंय. इथवर आलेल्यानं तिथे जरूर जावं.

तिकिटाचे पैसे हवे असतील तर पावती दाखवा, लगेच परत करू. मात्र माझी एक विनंती आहे. आजीच्या माळ्यावर खरंच एवढं सामान असेल तर ते मोडीत घालू नका. आम्हाला दिलंच पाहिजे असंही नाही. प्रत्येक भांडं उजेडात धरून काठाखालचं नाव वाचा. आजी असतील तर भांडं कुणी दिलं, कुठल्या लग्नात आलं, एवढं त्यांना विचारून वहीत उतरवून ठेवा. आणि द्यायचंच ठरलं तर डब्यासोबत ती वहीही घेऊन या. सोमवार सोडून रोज दहा ते पाच मी इथेच असते.

— संचालिका