येतोच, होतंच आणि पर्याय क्रमांक तीन

मे महिना, रविवार, बाहेर 44 डिग्री आणि आम्ही अभ्यासिकेत सीसॅटची (राज्यसेवा पूर्वचा उतारे, गणितं, तर्क असलेला पेपर) मॉक टेस्ट देऊन राहिलो. कूलरची हवा ज्याच्यावर थेट येते त्याचा पेपर उडतो आणि ज्याच्यावर येत नाही त्याचा घाम ओएमआर शीटवर टपकतो, म्हणून मधली खुर्ची धरायला मी सकाळी साडेसातलाच बॅग ठेवून तर्री पोहे खायला गेली होती. एवढं प्लॅनिंग केलं आणि उतारा आला कशावर, तर संत्र्यावर!

मला वाटलं, आज जिंकलो. मामाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, दिवाळीच्या सुट्ट्या सगळ्या तिथेच गेल्या, आंबिया बहाराची (वर्षाच्या सुरुवातीला फुललेल्या फळांची) तोडणी चालू असायची आणि आम्ही पोट बिघडेपर्यंत खायचो. उताऱ्यात होतं की बहार धरायच्या, म्हणजे फुलं आणायच्या आधी बागेचं पाणी काही दिवस तोडतात, पानं मलूल होतात, मग पुन्हा पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. याला ताण देणं म्हणतात. (मला चार वर्षांपासून ताण आहे, फूल एक नाही, पण असो.)

प्रश्न होता, यातून कोणता निष्कर्ष निघतो. एक, संत्र्याला पाण्याची गरज नसते. हा पर्याय फक्त पेपरवाल्याला चार पूर्ण करायचे असतात म्हणून असतो, तीन सेकंदात उडाला. चार, ताण किती द्यायचा हे जमिनीवर अवलंबून असतं. खरं आहे, पण उताऱ्यात जमिनीचा ज पण नाही, तोही उडाला. राहिले दोन. दोन, ताण दिल्याने बहार यायला मदत होते. तीन, बहार येण्यासाठी ताण द्यावाच लागतो.

आता हे दोघं जुळे भाऊ. एकाच आईचे, एकाच रंगाचे शर्ट घातलेले, आणि त्यातला एकच आपला. मी दोन वाचला, बरोबर वाटला. तीन वाचला, जास्त बरोबर वाटला. परत उतारा वाचला, परत दोन वाचला, आता दोन फारच गरीब वाटायला लागला, इतका साधा पर्याय कोणी बरोबर ठेवतं का? तीनमध्ये वजन होतं. 200 मार्काचा पेपर, दोन तासात 80 प्रश्न, म्हणजे एकाला दीड मिनिट, मी या जुळ्यांना साडेचार मिनिटं दिली आणि तीनचा गोल काळा केला.

उत्तर दोन होतं.

सर म्हणाले, "'च' दिसला नाही का? ताण दिला तर फुलं येतात एवढंच लिहिलंय, त्याशिवाय येतच नाही असं कुठे लिहिलंय?" आता मला सांगा, नागपुरात 'च' कोण सिरीयसली घेतं? माझा भाऊ "सीताबर्डीवर पोहोचलोच" म्हणतो तेव्हा तो आंघोळीला पण गेलेला नसतो. टेलर "ब्लाऊज झालंच ताई" म्हणतो तेव्हा कापड पिशवीतून निघालेलं नसतं. आपल्याकडे 'च' म्हणजे नुसतं समाधान असतं समोरच्याचं, आणि इथे त्या एका अक्षराचे अडीच मार्क.

बरं, पुढच्या रविवारी शहाणी झाली. च, फक्त, केवळ, सर्व, कधीही नाही, दिसला की काटला. सहसा, काही अंशी, मदत होते, असल्या मवाळ शब्दांना डोळे मिटून मत दिलं. तर त्या दिवशी उताऱ्यातच लिहिलेलं होतं, "केवळ याच कारणामुळे." गेले अजून अडीच, वर चुकलं म्हणून पाव हिस्सा कापला, म्हणजे 0.625. अहो आमचा भाजीवालासुद्धा इतका बारीक हिशोब करत नाही, वरून सांभार (कोथिंबीर हो) देतो!

मग मी घरी बसून जुने मॉक काढले आणि दोनवर येऊन अडकलेले प्रश्न मोजले. दहापैकी आठ चूक. नाणं उडवलं असतं तर पाचेक तरी बरोबर आले असते ना, म्हणजे चार वर्षं अभ्यास करून मी रुपयाच्या नाण्यापेक्षा मागे आहे. मैत्रीण म्हणे, टेन्शन काऊन घेते, सीसॅट आता नुसता पास व्हायचाय, 33 टक्के, 66 मार्क. हो बाई, पण 66 पण कोणत्यातरी पर्यायातूनच येणार आहेत ना.

शेवटी न राहवून तो संत्र्याचा उतारा आणि चारी पर्याय मामाला व्हॉट्सॲपवर टाकले. पाच मिनिटात फोन.

"चौथं," मामा म्हणे.

"मामा, ते उताऱ्यात नाही आहे."

"उताऱ्यात नसन. हलक्या जमिनीले कमी दिवस, भारी जमिनीले जास्त. मुरमाड रानात काळ्या जमिनीएवढा ताण देल्ला तर झाडं वाळून जाईन."

"पण चौथ्याचा गोल काळा केला तर मार्क कटतात ना."

"कटू दे ना बावा, बाग तं वाचन." मग थोडं थांबून, "बरं, कधी हाय तुही परीक्षा?"

"होईलच आता," म्हटलं.